दुसऱ्याच्या वाट्याचं

एकदा एक मिठाईवाला त्यांच्याकडे काटा घेऊन आला. म्हणाला, "काका, हा पन्नास ग्रॅम जास्त दाखवतोय." त्यांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "मग तुम्ही कशाला आलात? गिऱ्हाईकाने यायला हवं होतं."

मिठाईवाला हसला. ते हसले नाहीत. आपण काही विनोद केला आहे असं त्यांना कधी वाटतच नसे. वजनकाटे दुरुस्त करण्यात त्यांची पन्नासेक वर्षं गेली होती, आणि जे दिसतं ते सांगायचं, एवढंच आपलं काम आहे अशी त्यांची समजूत होती. समोरच्याला ते टोचलं तर तो समोरच्याचा प्रश्न.

ते गेले त्याला येत्या श्रावणात आठ महिने होतील. गेल्या काही वर्षांत मी दोन माणसं घालवली, आई आणि हे काटेवाले काका. आईबद्दल मला अजून लिहिता येत नाही. यांच्याबद्दल जमतंय, पण सावकाश. एक-दोन परिच्छेद लिहिते, उठते, ग्रंथालयात जाऊन पुस्तकांवर नंबर चिकटवते, दुसऱ्या दिवशी पुन्हा बसते. त्यांना ही पद्धत पटली असती. घाईने सांगितलेल्या कुठल्याच गोष्टीवर त्यांचा विश्वास नव्हता.

दुकान बिबवेवाडीत, आमच्या सोसायटीपासून तिसऱ्या गल्लीत. दोन माणसं आत गेली की तिसऱ्याने पायरीवर उभं राहावं एवढंच. भिंतीला लागून लोखंडी मांडणीवर काटे: भाजीवाल्यांच्या तागड्या, किराणावाल्यांचे, रद्दीवाल्यांचे, बाळं तोलायचे. टेबलाच्या खणात एक लाकडी पेटी, तिला आतून लाल मखमल, आणि तिच्यात उतरत्या क्रमाने पितळी वजनं. या वजनांना ते बोट लावत नसत. चिमट्याने उचलत. "हाताला घाम असतो," ते म्हणत, "आणि घामालाही वजन असतं."

काट्यावर वजन ठेवलं की दुकानात कोणी बोलायचं नाही, असा नियम होता. काटा डावीउजवीकडे हलत राही, हळूहळू शांत होई, तोवर ते हाताची घडी घालून बसत. हीच शिस्त त्यांनी माणसांनाही लावली होती. काही विचारलं आणि आपण पटकन उत्तर दिलं, की ते मान हलवत म्हणत, "थांबा, अजून हलतंय." मग खरोखरच थांबत. रागावलेलं गिऱ्हाईक असो नाहीतर तपासणीला आलेला सरकारी माणूस, सगळ्यांना सारखंच थांबावं लागे.

जवळच्या एका जिमचा तरुण मालक एकदा मी असताना आला. म्हणाला, "काका, दोन किलो कमी दाखवेल असं सेटिंग होईल का? मेंबर्स डिमोटिव्हेट होतात हो."

"होईल की," ते म्हणाले. "पण मग तुमच्याकडे कशाला येतील? माझ्या दुकानातूनच बारीक होऊन घरी जातील."

मी स्वतः त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले तीही याच जातीची तक्रार घेऊन.

माझ्याकडे उभं राहून वजन करायचा एक काटा होता. आई अंथरुणाला खिळण्याआधी तिच्यासाठी घेतलेला. ती गेल्यावर तो कपाटाखाली गेला. दीड वर्षाने साफसफाई करताना सापडला, मी सहज त्यावर उभी राहिले, आणि त्याने माझं वजन अकरा किलो जास्त दाखवलं. मी कर्वेनगरच्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. एम. ए. झालेली, वाचणारी, शहाणी म्हणवणारी बाई. तरीसुद्धा माझ्या मनात दुसरा विचारच आला नाही. इतके दिवस पडून राहिल्याने काटा बिघडला, असंच मी धरून चालले. ब्लाउज घट्ट झाले होते, त्याचं खापर मी शिंप्यावर फोडलं होतं. जिन्यात दम लागायचा, तो वयावर ढकलला होता. मी काटा पिशवीत घातला आणि दुरुस्तीला नेला.

त्यांनी तो ठेवून घेतला. दोन दिवसांनी गेले तेव्हा म्हणाले, "यात दोष नाही. वीस किलो ठेवले की वीस दाखवतो, साठ ठेवले की साठ. पण तुम्ही इतक्या खात्रीने आला होतात, की मी दोनदा तपासला."

"मग अकरा किलो?"

"ते मी दुरुस्त करत नाही."

मला राग आला. मी म्हटलं, "अहो, मी काही फार खात नाही."

"थांबा, अजून हलतंय," ते म्हणाले आणि दुसऱ्या एका काट्याचा स्क्रू पिळू लागले.

मला उठून जाता आलं असतं. का कोण जाणे, मी बसून राहिले. बाहेर कोणीतरी टेम्पो मागे घेत होतं, त्याचं पीं पीं बराच वेळ चाललं. तो आवाज थांबल्यावर माझ्याच तोंडून निघालं, "मऊ भात."

"कोणाचा?"

किती, असं त्यांनी विचारलं नाही. कधी, असंही नाही. हा प्रश्न मला अजून आठवतो.

"आईचा," मी म्हटलं.

"कुठे असतात?"

"गेली. दीड वर्ष झालं."

त्यांनी पेचकस खाली ठेवला. "मग काटा बरोबर आहे," ते म्हणाले. "तो दोघींचं सांगतोय."

त्या क्षणी मला रडू यायला हवं होतं. मला भूक लागली. अकराचा सुमार होता, नाश्ता करून निघाले होते, तरी पोटात खड्डा पडल्यासारखी भूक.

मऊ भाताचं असं होतं, की नऊ वर्षं मी रोज सकाळी मुगाची डाळ घालून आईसाठी तो लावत होते. एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी डाळ, पाणी सढळ. मी कामाला गेले की तिला सांभाळायला येणाऱ्या मावशी तो तिला भरवत. आई गेल्यावर मावशी यायच्या थांबल्या, हात मात्र थांबला नाही. सकाळी उठले की हात डब्यात जाई, वाटी भरून तांदूळ निघत, आणि कुकरची शिट्टी झाल्यावरच माझ्या लक्षात येई. शिजलेलं अन्न टाकायचं कसं? संध्याकाळी घरी आले की ओट्याशी उभी राहून मी तो भात खायची, तूप-मेतकूट घालून. त्यानंतर दोन तासांनी माझं जेवण. झोपायच्या आधी दुधात बुडवून चार बिस्किटं, तीही आईचीच. हे सगळं मी खाणं म्हणून मोजतच नव्हते. ते माझं नव्हतंच.

पुढे मी या विषयावर बरंच वाचलं. वाचणं हा माझा धंदाच आहे. पुस्तकात लिहिलेलं असतं की मनाची भूक अचानक येते, पोटाची हळूहळू. मनाच्या भुकेला एक ठरावीकच पदार्थ हवा असतो. ती पोट भरलं तरी थांबत नाही, आणि मागे अपराधीपणा ठेवून जाते. एकटेपण, कंटाळा, राग, शोक अशी कारणंही दिलेली असतात. सगळं खरं आहे. मी ते त्यांना वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, "छान लिहिलंय. पण यात त्या भुकेचं नाव-गाव कुठे आहे? नुसता शोक कोणी खात नाही, ग्रंथपाल. कोणाचा तरी वाटा खातं."

ग्रंथपाल. ते मला याच नावाने हाक मारत. खरं नाव त्यांना माहीत होतं की नाही, शंका आहे.

तर त्या पहिल्या दिवशी मी त्यांना म्हटलं होतं, "मला भात टाकून देता येत नाही."

"टाका कोण म्हणतंय? तो वाटा इकडे आणा. वर एक मऊ भात खाणारं माणूस आहे, आणि मी करतो त्याची खळ होते."

दुकानाच्या वरच त्यांचं घर होतं. वर काकू होत्या. तीन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका येऊन त्यांची उजवी बाजू लुळी पडली होती. बोलत सावकाश, पण स्पष्ट. गिळताना ठसका लागे म्हणून कोरडं, कडक काही द्यायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि साखर वाढलेली म्हणून गोडही बंद. मी पहिल्या दिवशी डबा घेऊन गेले तेव्हा त्यांनी दोन घास खाल्ले, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "यात हिंग कोणी घातला?"

"मी. आईला आवडायचा."

"तुझ्या आईला आवडायचा असेल. मला जिरं लागतं."

दुसऱ्या दिवसापासून मी जिरं घालू लागले. सांगायला फार छोटी गोष्ट आहे. पण नऊ अधिक दीड वर्षांनी माझ्या भातातला हिंग गेला, आणि संध्याकाळी ओट्याशी उभं राहून खायला घरात काही उरलं नाही. पहिले पंधरा दिवस फार अवघड गेले. मी घरी येऊन रिकामा कुकर उघडून बघत असे.

सकाळी कामावर जाताना मी डबा दुकानात देई, परतताना घेऊन जाई. रिकामा डबा कोणाला परत द्यायचा नाही, हे ते कटाक्षाने पाळत. डब्यात कधी दोन लवंगा असत, कधी चिमूटभर साखर, कधी कढीलिंबाची डहाळी. एकदा नुसता एक पितळी स्क्रू निघाला. विचारलं तर म्हणाले, "घरात दुसरं काही नव्हतं. नवा आहे, वापरलेला नाही."

पाच वाजता ते दुकान अर्धं ओढून वर जात. ही वेळ कधी चुकत नसे. मी एकदा लवकर सुटले आणि डबा न्यायला वर गेले तेव्हा मला कारण कळलं. काकूंच्या पलंगासमोर खुर्ची ओढून ते बसले होते. मांडीवर ताटली, ताटलीत जिलबीची तीन वेढी. ते खात होते आणि काकू बघत होत्या.

"आधी कडेचा तुकडा," काकू म्हणाल्या.

त्यांनी कडेचा तुकडा मोडला.

"कशी आहे?"

"वरून कुरकुरीत. पाक आतपर्यंत गेलाय. आंबटपणा किंचित कमी."

"कालच्यापेक्षा?"

"कालच्यापेक्षा बरी."

काट्याचं वाचन सांगावं त्याच आवाजात ते सांगत होते. काकू समाधानाने मान हलवत होत्या. हे रोज चाले. कधी जिलबी, कधी बालूशाही, कधी समोसा. आजारपणाच्या सुरुवातीला काकूंनीच म्हटलं होतं, "मला खाता येत नाही, तर तुम्ही खा, मी बघते." तेव्हापासून हे सुरू झालं ते तीन वर्षं एक दिवस खंड न पडता.

मला ते दृश्य फार गोड वाटलं. घरी जाताना मी मनात म्हटलं, प्रेम असावं तर असं. त्यांनाही साखर आहे, हे तेव्हा मला माहीत नव्हतं.

ते हळूहळू लक्षात आलं. आधी त्यांनी टेबलावर भिंग आणलं. मग एक दिवा वाढवला. मग मी दुकानात असले की सहज म्हटल्यासारखं म्हणत, "ग्रंथपाल, तुमचे डोळे तरुण आहेत, एवढं वाचा बघू." दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, आणि तो चांगलाच पिकला होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आधी साखर आटोक्यात आणा, मग शस्त्रक्रिया. दोनदा तारीख ठरली आणि दोनदा साखरेपायी पुढे गेली. डोळे गेले तर दुकान बंद. आणि दुकानापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे काकूंना उठवणं, बसवणं, औषधांच्या गोळ्या ओळखून देणं हे सगळं तेच करत होते. मूलबाळ नव्हतं.

मी न राहवून म्हटलं, "काका, पाच वाजताचं बंद करा."

"तिचं एवढंच तर राहिलंय."

"तुम्हीच मला म्हणाला होतात, काटा दोघींचं सांगतोय."

त्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसत राहिले. "तुमचं वेगळं होतं," ते म्हणाले. "तुमची आई गेली होती. गेलेल्या माणसाचा वाटा थांबवता येतो. ही आहे. समोर बसलीय. असलेल्या माणसाचा वाटा कसा थांबवायचा, ते कुठल्या पुस्तकात असलं तर सांगा."

नव्हतं.

"आणि तिला यातलं काही सांगायचं नाही," ते म्हणाले. मी मान हलवली.

त्यानंतर महिनाभराने ती गोष्ट घडली. मसाले करून विकणाऱ्या एक बाई आपला छोटा काटा घेऊन परत आल्या. आठवड्यापूर्वीच नेला होता. संकोचाने म्हणाल्या, "काका, दुसरीकडच्या काट्याशी जुळत नाही हो. माझंच काही चुकत असेल." त्यांनी पितळी वजनं काढली. एकदा ठेवली, दोनदा ठेवली, तिसऱ्यांदा ठेवून माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "वाचा."

मी वाचलं. एका रेघेची चूक होती. वीस ग्रॅम.

ते त्या बाईंना म्हणाले, "तुमचं नाही, माझं चुकलं." तिथल्या तिथे त्यांनी काटा नीट करून दिला, या खेपेला रेघा मी वाचल्या. पन्नास वर्षांत त्यांच्या हातून गेलेला काटा पहिल्यांदा परत आला होता.

बाई गेल्या. मी डबा उचलून निघाले, पायरी उतरले, आणि छत्री विसरली म्हणून मागे फिरले. ते मांडणीपाशी उभे होते. काकूंसाठी आणलेला बालूशाहीचा पुडा उघडा होता. ते भराभर खात होते. चव घेत नव्हते, चावतही नव्हते धड. त्यांना उभ्याने खाताना मी पहिल्यांदाच पाहत होते. मला माझा ओटा आठवला.

माझी चाहूल लागली तेव्हा चौथी बालूशाही हातात होती.

"ही कोणाच्या वाट्याची?" मी विचारलं.

ते उत्तर द्यायला घाई करतील असं वाटलं होतं. त्यांनी घाई केली नाही. हातातली बालूशाही पुड्यात ठेवली, बोटं पुसली.

"ही माझीच," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि सकाळी ते दुकानात असताना डबा घेऊन सरळ वर गेले. आयुष्यात मी फार थोड्या वेळा शब्द मोडला आहे. त्या दिवशी मोडला. मोतीबिंदू, दोनदा गेलेली तारीख, परत आलेला काटा, सगळं काकूंना सांगितलं. सांगताना मला धास्ती होती की त्यांना अपराधी वाटेल, त्या रडतील, जेवण सोडतील.

काकूंनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाल्या, "मला वाटलंच होतं. परवा पांढऱ्या गोळीऐवजी पिवळी देत होते."

"काकू, तुम्ही जिलबी मागू नका."

"मी कुठे मागते? पहिले काही महिने मागितलं, ते मनापासून. जीभ नुसती वळवळायची. पुढे ते गेलं. कधी गेलं, कळलंही नाही. आता तर वासानेही नको होतं."

"मग सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं तर हे पाच वाजता दुकानातच बसले असते," त्या म्हणाल्या. "जिलबी खायची असते म्हणून वर येतात. माझ्यासमोर बसतात. अर्धा तास माझ्याकडे बघून बोलतात. लग्न झाल्यापासून इतकं बोलले नव्हते. नुसतं बसायला पुरुषांना येत नाही गं. हातात काहीतरी लागतं."

मी भात भरवला. त्यांनी जिऱ्याबद्दल तक्रार केली नाही, तेव्हा कळलं की त्याही हलल्या आहेत.

त्या संध्याकाळी काय झालं ते काकूंनीच मला नंतर सांगितलं, आणि पुढे कित्येकदा पुन्हा सांगितलं, कारण ते सांगायला त्यांना फार आवडे. ते पुडा घेऊन वर आले. खुर्ची ओढली. काकू म्हणाल्या, "आज नको. नुसते बसा."

"बरं वाटत नाहीये का?"

"बरी आहे."

"डॉक्टरांना फोन करू?"

"बसा म्हटलं ना."

ते बसले. हात कुठे ठेवावेत ते कळेना. एकदा गुडघ्यावर ठेवले, एकदा खुर्चीच्या हातांवर. शेवटी पुड्याचा दोरा सोडून तो बोटाभोवती गुंडाळत बसले. काकू म्हणाल्या, "दुकानात आज कोण कोण आलं?"

"कोणी नाही."

"मग तेच सांगा."

आणि त्यांनी सांगितलं. कोणीच न आलेल्या दिवसाचं त्यांनी पाऊण तास सांगितलं. रस्त्याने काय काय गेलं, समोरच्या इस्त्रीवाल्याचं कोणाशी वाजलं. मग मसालेवाल्या बाईंचंही सांगितलं. वीस ग्रॅमचं. काकू म्हणाल्या की ते सांगताना त्यांचा आवाज पहिल्यांदाच काट्याचं वाचन सांगितल्यासारखा नव्हता.

माझ्यावर मात्र ते रागावले. त्यांच्या रागाची पद्धत साधी होती. दुसऱ्या दिवशी डबा रिकामा परत आला. धुतलेला, पुसलेला आणि रिकामा. तिसऱ्या दिवशी तसाच. चौथ्या दिवशीही. एक शब्द नाही. मी डबा देई, ते घेत. फक्त एका गिऱ्हाईकाला माझ्यासमोर म्हणाले, "हल्ली ग्रंथालयातलं सगळं बाहेर जातं. नोंद न करता." मला हसूही आलं आणि घरी गेल्यावर भयंकर भूकही लागली. त्या दिवशी मी ओट्याशी उभं राहून खाल्लं, हे कबूल केलं पाहिजे. पोह्यांचा चिवडा, जवळजवळ अर्धी बरणी. पण खाताना माहीत होतं की हा कोणाच्या नावाचा आहे. माहीत असलं की चिवडा थोडा कमी चविष्ट लागतो.

पाचव्या दिवशी डब्यात पेरूच्या चार फोडी होत्या, वर मीठ-तिखट भुरभुरलेलं. वर गेले तर काकू म्हणाल्या, "हल्ली पाच वाजता पेरू असतो. अर्धा त्यांना, आणि तुला म्हणून चार फोडी काढून ठेवल्या." समेट झाला तो इतकाच. आम्ही त्या विषयावर पुन्हा कधी बोललो नाही.

सगळं एका फटक्यात सुधारलं असं नाही. इस्त्रीवाल्याशी भांडण झालं त्या दिवशी त्यांनी समोसे खाल्ले, दिवाळीत शंकरपाळे सुटले नाहीत. माझेही अकराचे सहाच किलो उतरले, त्यातले दोन पुढे परत आले. पण साखर आली खाली. तिसरी तारीख पाळली गेली. त्यानंतर तीन वर्षं त्यांनी काटे दुरुस्त केले, आणि त्यातला एकही परत आला नाही. गेले तेही शांतपणे, दुपारच्या झोपेत.

ते गेले त्या आठवड्यात मी वाट बघत होते की ती जुनी भूक आता येईल. आली. बालूशाहीची आली, जी मला मुळात फारशी आवडत नाही. मी एक आणली, ताटलीत ठेवली, खुर्चीवर बसले आणि सावकाश खाल्ली. त्यांच्या नावाने एक पुरली. काकूंकडे आता दिवसभर एक बाई असतात. भात अजून माझाच जातो.

त्यांचं रूप आठवायचं म्हटलं तर मला हार घातलेला फोटो आठवत नाही. डोळ्याची पट्टी काढल्यानंतरचा दिवस आठवतो. मी डबा घेऊन वर गेले. ते खिडकीपाशी बसले होते, एक डोळा नवा झालेला. मला दारात पाहून ते नीट वळले आणि वरपासून खालपर्यंत बघत राहिले. मला वाटलं, दिसतंय की नाही याचा अंदाज घेतायत.

"ग्रंथपाल," ते म्हणाले, "तुम्ही बऱ्याच जाड आहात हो."

"अहो," काकू पलंगावरून म्हणाल्या.

"जे दिसतं ते सांगतोय. इतके दिवस मी समजत होतो, मोतीबिंदूमुळे माणसं पसरट दिसतात."

"आणि स्वतःला आरशात पाहिलंत का?"

"सकाळीच पाहिलं," ते म्हणाले. "म्हणून तर यांना सांगायचा धीर आला."

मी हसले. डबा हातात घेऊन दाराला टेकून हसले. काकूही हसू लागल्या आणि त्यांना ठसका लागला. आम्ही दोघंही धावलो, त्यांनी मान उचलून धरली, मी पाण्याचा चमचा पुढे केला. ठसका थांबेपर्यंत कोणी बोललं नाही. मग काकूंनी डाव्या हाताने आम्हाला दोघांनाही बाजूला सारलं.

"मला काही झालेलं नाही," त्या म्हणाल्या. "भात निवतोय. आधी मला वाढा."